आज बोकोबांना ‘चहा’ नाही

बाबा,

तुम्ही गाढ झोपला होतात म्हणून उठवलं नाही. आज बोकोबांना इन्सुलिन द्यायचं नाही. सकाळी कानाच्या कडेचं थेंबभर रक्त तपासलं, तर साखर चक्क नॉर्मल. मला खरं वाटेना, दुसरी पट्टी लावून पाहिली, तरी तेच. डॉक्टरीणबाईंना फोन केला. डोस कमी करत आणलाच होता, आता थांबवून बघू म्हणाल्या.

मला यायला उशीर होईल, तेव्हा संध्याकाळची तपासणी तुम्ही करा. आधी कान तळहातात धरून उबदार करा, म्हणजे थेंब लगेच येतो. साखर वाढलेली दिसली तरी आपल्या मनाने सुई देऊ नका, मला फोन करा.

‘सुई’ म्हटलं की पळतो म्हणून आपण ‘चहा’ म्हणायला लागलो, तर पठ्ठ्या तेही शिकला. पाहुण्यांना चहा विचारायची सोय राहिली नाही, हा लगेच कपाटाखाली. आज मी आल्यावर त्याच्यासमोर बसून, मोठ्याने ‘चहा, चहा’ म्हणत, आपण दोघं खराखुरा चहा पिऊ.

तुमचा बिनसाखरेचा. उशीखालचा बिस्किटांचा पुडा मी नेला आहे. बोकोबा सुटले, तुम्ही अजून नाही.

– तुमची हवालदारीण