पाहुणा गेल्यावर बोलू

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून कागदच बरा.

माझ्या विभागाचं काही खरं नाही. आम्ही हा बोलका डबा तोट्यात विकतो, कारण वरच्यांना वाटलं होतं की लोक घरात बसून त्याच्याशी बोलत बोलत खरेदी करतील. लोक करतात काय? अंडं उकडायला ठेवलं की गजर लावायला सांगतात, गाणी ऐकतात, आणि खिडकीत उभं राहून बाहेर ऊन आहे का ते त्याला विचारतात. त्यातून दमडी मिळत नाही, आणि प्रत्येक उत्तराचा खर्च मात्र आमच्या बोडक्यावर. वीस तारखेला कंपनीच्या मोठ्या बाईंसमोर बैठक आहे. लोक डब्याला आपलं का म्हणत नाहीत, हे मला सांगता आलं नाही तर चाळीस माणसं घरी जाणार, त्यात मी पहिला.

आणि तू! तुमच्याकडचा डबा चाचणीचा, म्हणून तो चालू आहे की बंद एवढं मला इथे दिसतं. रोज संध्याकाळी बंद. सख्ख्या बहिणीच्या घरात प्लग काढतात, मग परक्यांना कोणत्या तोंडाने सांगू? जरा साबणबिबण मागवून बघ. बाबांची तब्येत कळव.

लोभ आहेच, त्यातला थोडा डब्याच्या वाट्याला येऊ दे.
तुझा चिमण

८ मार्च

चि. चिमणास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे साबण मागितला. त्याने एकामागून एक साबण वाचायला घेतले. सातव्याला पोचला तोवर पहिला कुठला होता ते मी विसरले. वास कळेना, वडी केवढी ते दिसेना. शेवटी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून घेऊन आले. माझ्या चष्म्याच्या दुकानात दहा फ्रेमा नाकावर चढवून आरशात बघितल्याशिवाय गिऱ्हाईक पाकिटाला हात लावत नाही. तुझ्या डब्याला आरसा कुठे आहे?

संध्याकाळचं म्हणशील तर वायर सैल झालीय. बाबा बरे आहेत, जेवण जरा कमी झालंय, वयच आहे. आणि आमच्याकडे काय चालू नि काय बंद हे तू तिकडे बसून बघतोस, ते मला मुळीच आवडलेलं नाही. बैठकीकडे लक्ष दे.

माया आहे म्हणूनच खडसावते.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वायर सैल असती तर डबा केव्हाही बंद पडला असता. तो तू दुकानातून आलीस की बंद होतो आणि जेवायच्या वेळी चालू. रविवारी अख्खी दुपार बंद. काय लपवताय? तुझं आणि भाऊजींचं बिनसलंय का? की बाबांचं काही? आईच्या वेळीही सगळ्यांत शेवटी मला कळलं. ते मी अजून विसरलेलो नाही. पुन्हा तसं केलंस तर तुझ्याशी बोलणार नाही, खरंच सांगतो.

रागातही लोभ आहे, समजून घे.
चिमण

१६ मार्च

चि. चिमणास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना दिलेला शब्द मोडते आहे. त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. सहा एप्रिलला ऑपरेशन. डॉक्टर धड काही सांगत नाहीत, उघडल्यावर बघू म्हणतात. तुझी बैठक होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती.

डब्याचंही त्यांनीच सुरू केलं. लहानपणचं आठवतंय ना? पाहुणे असले की घरातला विषय निघायचा नाही. बाबा त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून येणार, चपला काढणार आणि मग बोलायला बसणार. आता मी घरी आले की म्हणतात, पाहुण्याला पोचवून ये. मी प्लग काढते. मग ते रिपोर्ट मागतात, आपलं कसं होणार विचारतात, एखाद्या दिवशी रडतात. दुपारी त्याच डब्याशी मजेत हवापाण्याच्या गप्पा मारतात. त्याच्यावर राग नाही रे त्यांचा, पण तो घरचा नाही.

वीसच्या आधी येऊ नकोस, नाहीतर बाबा माझी सालटी काढतील. मला फार भीती वाटते.

सांभाळून राहा, आणि माझ्यावर डूख धरू नकोस.
तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डूख कसला धरणार मी. पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडून आलो.

बैठक झाली. केलेली तयारी बाजूला ठेवली आणि आपल्या घरचंच सांगितलं. म्हटलं, लोक डब्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. घरात खरं काही निघालं की आधी त्याला बाहेर काढतात. माणूस खिशात हात घालतो तो अशा बोलण्यानंतर, आणि तेव्हा आपण दाराबाहेर असतो. मला वाटलं, संपलं.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे एखादा डबा रोज बंद व्हायला लागला, की त्या घरात अडचण आहे हे आपल्याला कळतं."

पुढचं त्यांनीच पटापट मांडलं. अशा घरांची नावं विमेवाल्यांना, कर्जवाल्यांना, दवाखान्यांना विकायची. टाळ्या पडल्या. विभाग वाचला. हाताखालच्या पोरांनी मला मिठ्या मारल्या, एकीला तर रडू आवरेना. योजनेचा प्रमुख म्हणून तीस तारखेला माझी सही हवी आहे.

ताई, बाबांचं दुखणं मी चारचौघांत मांडलं आणि त्याचा धंदा झाला. मला माझीच लाज वाटते. नाही म्हणालो तर चाळीस जण रस्त्यावर येतील. हे पत्र बाबांना दाखव. ते म्हणतील तसं करीन.

आधी होता तेवढा लोभ अजून असेल, तर राहू दे.
चिमण

२४ मार्च

चि. चिमणास,
अनेक आशीर्वाद.

ताईने पत्र वाचून दाखवलं. ती रडत होती, मी नव्हतो, हे आधी ध्यानात घे. सगळं फोडल्याबद्दल तिला मी झापलंय, तू पुन्हा झापू नकोस.

माझ्या दुखण्यावर चाळीस घरांच्या चुली पेटत असतील तर खुशाल विक. माझ्या घराची परवानगी मी देतो. पण बाकीच्या घरांतही कोणी म्हातारा प्लग काढायला सांगून बसला असेल. त्याची परवानगी मी कशी देऊ? आणि तू तरी कशी देणार? जमत असेल तर त्याच्या दारात जाऊन विचार. नोकरीचं म्हणशील तर दोन वेळचं जेवण इथे आहे.

ऑपरेशनची मला भीती वाटते. ताईसमोर बोलत नाही, ती आधीच अर्धी झालीय.

तब्येतीला जप.
तुझे बाबा

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली नाही. राजीनामा ठेवून बाहेर पडलो. मी जिना उतरतोय तोवर माझ्या हाताखालच्याने सही केली. त्याला दोन लहान मुलं आहेत, त्याला शिव्या तरी कशा घालू? बाकीच्यांच्या नोकऱ्या टिकल्या आणि योजनाही टिकली. सुरुवात चाचणीच्या घरांपासून, म्हणजे आपलं नाव त्यात पहिल्या झटक्यात जाणार.

तेव्हा मीच सांगतो, उद्यापासून प्लग काढू नकोस. काढलास की तिकडे कळतं, कायमचा काढलास तरी कळतं. गाणं लावून दे, त्याला वाजू दे, आणि काय बोलायचं ते गच्चीवर बोला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत घरच्यांना उपयोगी पडेल असं एवढंच मी शिकलो.

खोली आवरून तीन तारखेला पोचतो. बाबांना म्हणावं, भीती वाटते ते सगळं मला सांगा. मी ऐकायला येतोय, आता मला दुसरं काही काम नाही.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.
तुझा चिमण