चार जळवा

३ मार्च, सोमवार

पुन्हा एक जळू बाहेर. टाकीवरचं फडकं सैल राहिलं होतं. बाथरूमच्या उंबऱ्याशी सापडली. हातानेच उचलली. आता किळससुद्धा येत नाही — नुसता शीण येतो.

ह्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. हे चार जळवा घेऊन आले.

५ मार्च

टाकीचं पाणी बदललं. बादली आदल्या दिवशीच भरून ठेवायची, म्हणजे नळाच्या औषधाचा वास उडतो. कंबर धरली.

८ मार्च

ह्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. "काका, रक्त आधीच कमी आहे. जळवांना पाजणं बंद." हे मान खाली घालून बसले. सहा महिन्यांतून एकदा हे पाण्यात हात धरतात, त्या पितात, मग पुढे काही लागत नाही. आता ती वेळ झालीय.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तळ्यात सोडून दे ना. तुझं तुलाच झेपत नाही." खरंच आहे.

११ मार्च

"एकदाच तुझा हात देशील?" ह्यांनी विचारलं.

म्हटलं, घरातल्या सगळ्यांनी माझं रक्त पिऊन झालंय, ह्याच तेवढ्या राहिल्या होत्या. हसले नाहीत.

१२ मार्च

हे दिवसभर टाकीपाशीच बसून. जेवलेही अर्धंच.

१४ मार्च

दिला हात. दुपारी, जेवणं आटोपल्यावर. आधी चुरचुरलं, मग काहीच नाही. पाऊण तास. हे स्टूल ओढून शेजारी बसले, माझा दुसरा हात धरून. आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल बोलत होते — तिथला गळका नळ, वरच्या मजल्यावरची ती भांडकुदळ बाई. किती दिवसांनी एका जागी एवढा वेळ बसलो. पोटं भरल्यावर त्या आपणहून सुटल्या. रक्त मात्र संध्याकाळपर्यंत झिरपत होतं. हेच पट्ट्या बदलत राहिले.

बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

१७ मार्च

बाजारातून आले तर टाकी जागेवर नाही. हे ती जळवांसकट कॉलेजात पोचवून आले म्हणे. मी चिडले — मग माझा हात कशाला घेतलात?

"भरल्या पोटी पाठवायच्या होत्या," म्हणाले. "पुढचे सहा महिने माझ्याकडे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं. तू औषधं आणायला खाली गेली होतीस."