होल्ट्झर बुवांची पेनसिल्व्हेनियातली शिष्या

१४ ऑगस्ट १८०९

झालं! माझं स्वतःचं गाणं पुरं झालं!

व्हिएन्नाच्या होल्ट्झर बुवांच्या रचना आमच्या वादकांसाठी उतरवून उतरवून बोटं वाकडी झाली. त्यातूनच शिकले. गुरू म्हणाल तर तेच. बेनिग्ना, कुमारिकांच्या घरात माझ्या शेजारच्या खाटेवरची, म्हणाली, "सालोमे, बाई गं, हे वाजवणार कोण?" आमचेच की! लोहार, कुंभार, पाववाला.

१९ ऑगस्ट

ब्रदर ट्राउगॉट (आमच्या पंथात सगळेच ब्रदर नि सिस्टर) आमच्या वादकांचे म्होरके. स्वतः ट्रॉम्बोन, ती लांब पितळी तुतारी, वाजवतात. त्यांनी पानं चाळली, नाक मुरडलं. "इथल्या रानात जन्मलेली पोर तू. आपण युरोपातलं वाजवायचं. रचायचं नाही."

मी म्हटलं, "मी होल्ट्झर बुवांची शिष्या आहे."

"त्या बुवांना ठाऊक आहे का हे?" — आणि हसले!

असा संताप आला! रडले नाही मात्र.

२६ ऑगस्ट

माझ्या गाण्यावरून चर्चच्या वडीलमंडळींचं दोन तास भांडण. शेवटी चिठ्ठी टाकली — आमच्याकडे अडलं की देवाचाच कौल. 'हो' निघालं! प्रीतिभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये कॉफी-पाव खात गायच्या प्रार्थनेला, माझं गाणं! ब्रदर ट्राउगॉटचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. पण देवापुढे काय बोलणार?

४ सप्टेंबर

तालीम. पाववाला सारखा पुढे पळतो. घसा बसला माझा.

१० सप्टेंबर

जिंकले! जिंकले!

गाण्यात शेवटच्या कडव्याआधी मी सगळ्या वाद्यांना एकदम गप्प केलं होतं. ही बुवांचीच खोडी. मंडळींना वाटलं, संपलं. कुणी "आमेन" म्हणालं, सगळ्यांनी कॉफीचे पेले उचलले, गोड पावाचे घास तोंडात — आणि ट्रॉम्बोन कडाडले! कॉफी मांडीवर! आधी हशा पिकला. मग सगळे गायला लागले, भरल्या तोंडाने. म्हाताऱ्या सिस्टर डोरोथेआ रडत होत्या. म्हणाल्या, "हे आपल्या गावचं आहे गं." माझे तर पाय जमिनीवर ठरेनात. व्हिएन्नाची खोडी आणि आमची माणसं — दोन्ही त्या एका गाण्यात मावली होती.

ब्रदर ट्राउगॉट ट्रॉम्बोन उचलून निघून गेले. जाऊ देत! या आठवड्यात एक प्रत बुवांना पाठवणार. म्हणजे ठाऊक होईल त्यांना.

१५ सप्टेंबर

पहाटे चर्चच्या मनोऱ्यावर ट्रॉम्बोन. गावात कुणी गेलं की वाजतात. कुमारिका, विवाहित, विधुर, प्रत्येकाची चाल वेगळी. ही विधुराची. पण गावात आजारी विधुर कुणीच नव्हता! धावत गेले. एकटे ब्रदर ट्राउगॉट खाली उतरत होते, डोळे लाल.

"फिलाडेल्फियाहून बातमी आली. होल्ट्झर बुवा मे महिन्यातच गेले."

मी म्हटलं, "पण... ही चाल तर फक्त आपल्या मंडळीतल्यांसाठी."

"त्यांची शिष्या आहे ना आपल्यात," ते म्हणाले.