मोडाच्या नागलीची पेज

आई, तुला लिहीन लिहीन म्हणत दोन वर्षं काढली. एक वही घेतली होती, ती येवल्याच्या एसटीत विसरलो. तिथं एका विणकराकडे महिनाभर टिकलो, इतके धागे तोडले की शेवटी त्यानंच हात जोडले. ते राहू दे. आपल्या धाकटीच्या पोरीचं, माझ्या भाचीचं सांगायचंय. चार वर्षांची आहे. तिला गिळता येत नाही, घास श्वासात जातो, म्हणून डॉक्टरांनी पोटावर नळी बसवलीय. सिरिंजनं त्यातूनच जेवण. डब्यातल्या पावडरीचं दूध दिलं की उलटी व्हायची, वजन काही हलेना. धाकटी म्हणायची, "आपण भाकरी खायची आणि हिनं जन्मभर डबाच?" दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम म्हणाल्या, घरचं देऊन बघू, पण नळीतून सरळ वाहिलं पाहिजे.

मग मी, मामानं, मिरवायला नागलीची पेज केली. गाळली, निवत ठेवली, आणि शेजाऱ्याशी द्राक्षाच्या छाटणीवर बोलत बसलो. परत येतो तर पेजेची खळ झालेली. तशीच दाबली. नळी तुंबली. धाकटीनं माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली, तेच जास्त लागलं. दवाखान्यात नळी मोकळी करून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "अहो मामा, निवली की नाचणी घट्ट होणारच. आणि पाणी वाढवाल तर पोट पाण्यानंच भरेल. वजन कुठून येणार?"

घरी येताना रिक्षात तू आठवलीस. दिंडोरीच्या बागेतली आपली पत्र्याची खोली. धाकटी नुकती तापातून उठलीय, आणि तू भिजवलेली नागली फडक्यात बांधून खुंटीला टांगलीयस. मोड आले की वाळवून दळतेस. मी वाटी ढकलतो, "ही काय पेज? नुसतं पाणी!" तू वाटी परत माझ्यापुढं सरकवतेस. "पातळ दिसती म्हणून हलकी नाय रं. मोडाचं पीठ कितीबी घाल, गोळा होत नाय. तुझ्यासारखंच हाय, एका जागी बसत नाय."

दुसऱ्या दिवशी मॅडमना हेच सांगितलं, तुझं नाव न घेता. त्यांनी पेज करून आणायला लावली, निवू दिली, स्वतः सिरिंजमधून सोडून पाहिली. वाहिली! मग थोड्या थोड्यानं सुरू केली, बाकी डबा चालूच. आता उलट्या थांबल्यात, फ्रॉक कमरेत घट्ट होतोय. धाकटी आधी वाटी पोरीच्या नाकाशी धरते. वासानंच पोर हसते.

तू आता नाहीस, हा कागद तुझ्यापर्यंत कुठला पोचायला. तरी लिहितोय, तोच दारात चपला वाजल्या. धाकटीची सासू, पेठ गावाहून. नळी बसवल्यापासून "मला नाय बघवत" म्हणून या घरात पाऊल न टाकलेली बाई. पिशवीभर नागली घेऊन आलीय, पदर खोचून वाटी मागतेय. "मी देते आज. पण हे मोडाचं कोनाच्या डोक्यातलं गं?" धाकटी म्हणतेय, "मामाच्या."

आई, तुझं नाव मी अजून सांगितलेलं नाही.