सीमाचा बिल्ला

शनिवार, १४ फेब्रुवारी १९८७
इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलहून अकरा तास गाडी हाणून एकदाचे स्कॉटलंडला पोचलो! आता आठवडाभर स्की पट्रोलचं ट्रेनिंग, म्हणजे बर्फात अडकलेल्यांना फुकटात सोडवायचं शिक्षण. हौस सीमाची, नवरा म्हणून मी आपला मागे फरफटत आलोय. आमचे मास्तर अलेक, साठीचे, भलते कडक. वर जाताना आपला पितळी बिल्ला बोर्डवर अडकवायचा आणि उतरलं की ज्याचा त्यानेच काढायचा. बोर्ड रिकामा तर डोंगर रिकामा. सीमा म्हणाली, घराच्या किल्ल्यांसारखा हरवू नकोस म्हणजे मिळवलं.

रविवार, १५
आज सीमा खोटी-खोटी जखमी. हवेला जागा ठेवून तिला रेडिओसकट बर्फात पुरलं. आम्ही लांब काठ्या खुपसत शोधत होतो. बाईसाहेब आतून माझ्या रेडिओवर मराठीत चिडवत होत्या, की आटप, चहा निवतोय. विसाव्या मिनिटाला सापडली, माझ्या फावड्याने उकरून काढली. तिचा रेडिओ मात्र आतच राहिला. बाहेर आली ती एक शब्द न बोलता खाली चालू लागली. बोटं गारठली असतील बिचारीची, म्हणून तिचाही बिल्ला मीच काढला.

सोमवार
सीमा कालपासून मराठी बोलत नाही. चहाला शिवली नाही. हीटर बंद करते. हात अजून गारच.
दुपारी माझ्या रेडिओवर तिचाच आवाज, की गिरीश, किती वेळ रे, पाय बधिर झालेत. सीमा समोर बसली होती.

मंगळवार
अलेकना हात जोडले. ते म्हणाले, बायको खाली, बोर्ड रिकामा, वर कुणी नाही. त्यांना ती नुसती खरखर वाटते. मराठी इथे कळतं कुणाला!
बॅटरी काढली. तरी बोलतेय. रडतेय.
बिल्ला मीच काढला. मीच.

बुधवार, दुपार
वादळ. एकटाच निघालो — छातीभर बर्फ — दोघांनी ओढून परत आणलं. वेड लागलंय म्हणे मला. बाहेरून कुलूप. किल्ली सीमाकडे —

आत्ता ती रेडिओवर हसली. म्हणाली, खणण्याचा आवाज येतोय, आलास ना रे, माहीत होतं मला.

मी इथे आहे. कोपऱ्यातलं माझं फावडं नाही —

बटण दाबून ओरडतोय, सीमा, तो मी नाही — तिला ऐकूच जात नाही — म्हणतेय, हात लागला रे तुझा, किती गार आहे, किती —