तेलीबागच्या शाळेच्या पायासंबंधी

मी, बाबूराव सखाराम सुखदेवे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा इमारतींच्या पायाची आणि सांगाड्याची गणिते करणे (आता बंद), मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम निशातगंज, लखनौ, आज मंगळवार दिनांक ११ फेब्रुवारी १९९७ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जाग्यावर आहे आणि स्मरणही. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि सकाळपासून दोन कप चहाखेरीज पोटात काही गेलेले नाही. इतर लोक हे रीत म्हणून लिहितात. मी ते एका कामासाठी लिहीत आहे. ते काम कलम सहामध्ये येईल.

मूळ कागद मराठीत आहे, कारण तो माझ्या मुलाने, अभयने, वाचावा अशी इच्छा आहे. त्याला मराठी समजते, उत्तर तो हिंदीत देतो. रजिस्ट्री ऑफिससाठी हिंदी नकल सोबत जोडली आहे.

कलम १. सन १९८९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे अभयच्या नावे केले होते. तेव्हा तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी खुशीत होतो.

कलम २. निशातगंजमधले दोन खोल्या व ओसरीचे माझे घर मुलगी नीलम हिला द्यावे. ती भोपाळला बँकेत आहे आणि दर रविवारी फोन करते. या घराचा पाया मी स्वतः उभे राहून घालून घेतला आहे. वर आणखी एक मजला तो सहज घेईल. नीलमला हवा असल्यास तिने चढवावा, कोणाला विचारण्याची गरज नाही.

पोस्टात जे काही निघेल तेही तिचेच. माझी पत्नी कै. चंदा हिच्या दोन पाटल्या नीलमकडे आधीच आहेत. त्यावर अभयने हक्क सांगू नये.

कलम ३. माझे शेवटचे कार्य त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावे. माझ्या माजी कंपनीचे हल्लीचे मालक आदेश पाटणकर यांनी स्मशानात भाषण करू नये. कंपनीच्या नावाने वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची जाहिरात देऊ नये. दिल्यास नीलमने दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा छापावा. त्याचा खर्च माझ्या पैशातून करावा.

कलम ४. माझी स्लाइड रूल, शाईची पेने, लाकडी टी-स्क्वेअर आणि एकसष्ट पुस्तके पॉलिटेक्निकच्या वाचनालयाला द्यावीत. बासष्टावे पुस्तक, मातीच्या भारक्षमतेवरचे, आदेशचे वडील कै. जयसिंग पाटणकर यांनी १९७३ मध्ये नेले आणि त्यावर चहा सांडून १९८१ मध्ये परत केले. ते त्यांच्या पत्नी लीलावतीबाई यांना पोचते करावे. मला ते घरात नको आहे.

कलम ५. या कलमात देण्याघेण्याचे काही नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

सन १९६४ मध्ये मी रेल्वेच्या पुलांच्या कचेरीत होतो. पक्की नोकरी, पुढे पेन्शन. जयसिंग पाटणकर सैन्याच्या इंजिनीअर दलातून कॅप्टन म्हणून नुकतेच बाहेर पडले होते. साताऱ्याकडचे गृहस्थ, उंच, आवाज खणखणीत, छावणीतल्या सगळ्या ठेकेदारांशी ओळख. महाराष्ट्र मंडळात भेटले आणि म्हणाले, "बाबूराव, डोकं तुमचं, तोंड माझं. लखनौ आपलं आहे." चंदा नको म्हणत होती. मी राजीनामा दिला.

बोर्ड रंगवायची वेळ आली तेव्हा त्यावर फक्त 'पाटणकर अँड कंपनी' होते. मी विचारले. जयसिंग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखदेवे लिहिलं की लोक विचारणार, कुठले, कोण? एकदा विचारलं की काम गेलं. मी मानतो का असलं काही? मी तर तुमच्या घरी जेवतो. दोन वर्षं थांबा." ते खरेच माझ्या घरी जेवत. चंदाच्या हातचे मटण त्यांना आवडे. दोन वर्षे मात्र संपली नाहीत.

प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: कोणी आखले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले. आखणारा मी, तपासणारा मी. 'मंजूर' या चौकटीत पाटणकरांची लफ्फेदार सही, आणि माझ्या नावाची दोन आद्याक्षरे 'तपासले' मध्ये, तीही बारीक. अठ्ठावीस वर्षे, सव्वाचारशेच्या वर इमारती आणि पाण्याच्या टाक्या. एकही खचलेली नाही. १९८९ मध्ये कंपनीच्या पंचविशीची स्मरणिका निघाली. त्यात सोळा फोटो. एका फोटोत डाव्या कडेला मी अर्धा आहे आणि खाली छापले आहे, 'व इतर कर्मचारी'. ती स्मरणिका जयसिंगनी मला स्वतः आणून दिली आणि म्हणाले, "छान निघाली, नाही?" मी छान म्हणालो. त्या उत्तराचा मला आजही राग येतो.

घरी मात्र मी गप्प बसत नसे. जेवताना, अंघोळीला जाताना, पाहुण्यांसमोर, मी एकच विषय काढायचो: बोर्डावर माझे नाव नाही. चंदा ऐकून उठून जाई. अभय समोर बसून ऐकायचा. तो लहानपणापासून हेच ऐकत मोठा झाला.

कलम ६. तेलीबागमध्ये रायबरेली रोडच्या आत मुलींची एक शाळा आहे. तिचा पाया मी १९७८ मध्ये काढला. दक्षिणेकडचा अर्धा भाग जुन्या भरलेल्या तळ्यावर आहे. खड्डा खणला तेव्हा मी आत उतरलो होतो. काळा चिखल, त्यात मडक्यांचे तुकडे, आणि दुपारपर्यंत घोटाभर पाणी. म्हणून तळमजला आणि वर दोन, एवढ्याचाच पाया दिला आणि नकाशावर हाताने लिहिले, 'यावर मजला चढवू नये.' जयसिंग चिडले, गिऱ्हाइकाला पुढची सोय हवी होती. त्या एका भांडणात मी हटलो नाही.

१९९२ मध्ये मी काम सोडले. १९९३ मध्ये जयसिंग गेले. आदेशने कंपनी हाती घेतली. अभय १९९० पासून तिथेच नोकरीला होता.

गेल्या ऑगस्टमध्ये आदेश आणि अभय अमीनाबादहून मिठाईचा डबा घेऊन माझ्याकडे आले. आदेशने नव्या बोर्डाचा कागद समोर पसरला: 'पाटणकर सुखदेवे असोसिएट्स'. दोन्ही नावे सारख्याच मापाची. मी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, हे कबूल करतो. मग आदेशने दुसरा कागद काढला. तेलीबागच्या शाळेवर आणखी दोन मजले चढवायचे होते. पाया पुरेसा आहे असे मी लिहून द्यायचे होते, कारण पाया माझा.

मी म्हणालो, "तो पुरेसा नाही."

आदेश म्हणाला, "काका, बीस साल में मिट्टी बैठ गई होगी. सगळे चढवतात हो."

अभय म्हणाला, "बाबा, जिंदगी भर आप यही चाहते थे ना? अब नाम आ रहा है, तो भी प्रॉब्लेम?"

मी दोघांनाही जायला सांगितले. डबाही परत दिला.

नोव्हेंबरात तो बोर्ड लागला. रिक्षाने जाताना मी पाहिला. डिसेंबरात शाळेवर सळया उभ्या राहिल्या. मी शाळेत जाऊन फाइल मागितली. तिच्यात १९७८ ची तारीख घातलेले गणिताचे एक पान होते, खाली माझी दोन अक्षरे, आणि निष्कर्ष असा की पाया आणखी दोन मजले घेईल. ते पान माझे नाही. कंपनीच्या ज्या कागदावर ते लिहिले आहे त्यावर सहा आकडी टेलिफोन नंबर छापला आहे. १९७८ मध्ये आमचा फोन पाच आकडी होता. अक्षर कोणाचे ते मला कोणी सांगायला नको. त्या मुलाला आकडे मीच पाटीवर गिरवायला शिकवले.

मी मुख्याध्यापिका श्रीमती पद्मिनी मोघे यांना दोन पत्रे लिहिली. नकाशे मंजूर होतात त्या कचेरीतही अर्ज दिला, तिथून उत्तर नाही. मोघेबाई ग्वाल्हेरच्या, सरळ स्वभावाच्या. त्यांनी आदेशला विचारले. आदेश म्हणाला, "बाबूरावजी अब बहक गए हैं. चाची के जाने के बाद से दिमाग ठीक नहीं रहता." माझा मुलगा शेजारीच उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. अभयने होकारार्थी मान हलवली. हे बाईंनीच मला नंतर सांगितले, आणि अगदी संकोचून विचारले, "सुखदेवेजी, आप बुरा मत मानिए, पण डॉक्टरांना दाखवलंय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की आपल्याकडे माणसाचे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टर सहीनिशी लिहून देतो असा कागद मृत्युपत्राखेरीज मला दुसरा मिळणार नाही. म्हणून हे गणित मी मृत्युपत्रात लिहीत आहे. डॉ. नंदकुमार आगाशे समोर बसले आहेत. समोर पुस्तक नाही, यंत्र नाही.

दक्षिणेकडचा मधला कोणताही एक खांब घ्यावा. त्याच्या वाट्याला प्रत्येक मजल्याची अठरा चौरस मीटर जागा येते. भिंती, फरशी, बाके आणि मुली धरून एका मजल्याचे वजन सुमारे बावीस टन. छत थोडे हलके. तीन स्लॅबांचे मिळून साठ टन. खाली फुटिंग, म्हणजे खांबाचा जमिनीतला काँक्रीटचा तळ, पावणेतीन मीटर चौरस, म्हणजे साडेसात चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे जमिनीवर चौरस मीटरला आठ टन, आणि ती माती पेलते तेवढेच. दोन मजले वाढवले की एकशेचार टन. भागाकार करावा. पावणेचौदा येतात.

वाढीव मजल्यांपैकी पहिल्याचा स्लॅब येत्या शुक्रवारी ओतणार आहेत. खाली चारशे दहा मुली बसतात. तो स्लॅब ओतला त्याच दिवशी काही होणार नाही, म्हणूनच सगळे मला वेडा म्हणणार. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात, तळ्याच्या जागी पाणी आले की, दक्षिणेची बाजू बसेल.

या कलमाची खरी नकल मोघेबाईंना आजच द्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम ७. माझा मुलगा अभय यास घर, पैसा, सामान यांपैकी काही नाही. नाव त्याने आधीच घेतले आहे, ते मी परत मागू शकत नाही.

अभय, कलम सहा वाचून लोक तुला काय करतील ते मला माहीत आहे. नोकरी जाईल. खटला झाला तर खोट्या कागदाची शिक्षा होते. तू ते पैशासाठी केले नाहीस, हे मी बापाच्या खात्रीने लिहितो. तू ते बोर्डासाठी केलेस, आणि बोर्डाचे वेड तुला मी लावले. बाहेर जयसिंगला छान म्हणायचे आणि घरात तुझ्यासमोर चरफडायचे, हे मी वर्षानुवर्षे केले. जयसिंगच्या तोंडावर एकदा बोललो असतो तर तू आज त्या फाइलमध्ये नसतास. मला तुझा संताप येतो आणि तुझी काळजीही वाटते, आणि दोन्हींमुळे झोप येत नाही. तरीही मी हा कागद फाडणार नाही. त्या मुलींना तू किंवा मी कोणी विचारले नव्हते.

कोर्टात तुला वकील लागला तर नीलमने माझ्या पैशातून द्यावा. तू खरे सांगणार असशील तरच.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलमने करावी. तिने भावाशी बोलणे तोडू नये. ही अट नाही, विनंती आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, परत वाचला, एके ठिकाणी खोडले ते माझ्याच हाताने. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

मुक्काम लखनौ, ११ फेब्रुवारी १९९७.

(सही) बाबूराव सखाराम सुखदेवे
या वेळी पूर्ण नाव लिहिले आहे.

साक्षीदार १: (सही) पद्मिनी मोघे, मुख्याध्यापिका, तेलीबाग. सुखदेवेजींनी आमच्यासमोर सही केली. कलम सहा मी दोनदा वाचले आणि भागाकार स्वतः करून पाहिला. ठेकेदाराला इथूनच फोन करून काम थांबवायला सांगितले आहे. उद्यापासून दक्षिणेकडचे वर्ग मैदानात भरतील.

साक्षीदार २: (सही) डॉ. नंदकुमार आगाशे, निशातगंज. मी यांना अकरा वर्षे ओळखतो. आज दीड तास तपासले. स्मरणशक्ती, विचार, हिशेब सर्व उत्तम, कोणत्याही औषधाचा अंमल नाही. कलम सात लिहिताना ते मोठ्याने रडले आणि तीन वेळा थांबले. मी उद्या या म्हणालो. त्यांनी नकार दिला आणि कलम पूर्ण केले. बुद्धी शाबूत आहे.