सुवी वाचली त्याची साक्ष

गुरुवार, १८ जुलै

सुवीनं डोळे उघडले!! सकाळी सव्वासातला. चार दिवसांनी माझी लेक पहिलं काय बोलली? — "आई, साडी उलटी नेसलीयस." खरंच उलटी होती! कालपासून तशीच फिरतेय दवाखान्यात, कुणी सांगितलं नाही. नर्सबाई हसल्या, मी हसले, हे मात्र बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

प्रभू, तुझी स्तुती असो. अक्षर कसं आलंय हे!

शनिवार, २० जुलै

घरी आणली! खांदा बांधलेला, डोक्याला सात टाके, पण जिभेला काही झालेलं नाही. पेज नको म्हणाली, आंबोळ्या पाहिजेत म्हणाली. चार केल्या. तूप चमच्यानं नाही, वाटीनं ओतलं.

दूधवाला भरमू येळ्ळूरहून येतो. त्याच्या मापावर माझा डोळा असतो, हे त्याला चांगलं ठाऊक. आज म्हटलं, लिटरभर जादा घाल. तो बघतच राहिला. "आक्का, बरं हाय न्हवं? आज माप बी बघितलं न्हाईसा!"

"लेक घरी आली रं माझी!"

तर त्यानं वर आणखी एक माप ओतलं. "ही माझ्याकडनं," म्हणाला आणि सायकलवर बसून गेला. इतकी वर्षं मी ह्या माणसावर संशय घेतेय!

रविवार, २१ जुलै

उपासनेत गाताना हसू आवरेना. पुस्तक तोंडाशी धरलं.

निघताना पाळकसाहेबांनी दारात गाठलं. शनिवारी कॉलेजच्या चॅपेलात ब्राह्मीसाठी स्मरणाची उपासना आहे. "सुवार्ताच्या आई, तुम्ही साक्ष द्या. पाच मिनिटं." मी! मॅट्रिक! फी भरायच्या खिडकीपलीकडचं कॉलेज मी बघितलेलं नाही, आणि तिथं माइकवर बोलायचं!

ब्राह्मी सुवीची मैत्रीण. निपाणीच्या रायगोंडा पाटलांची एकुलती एक लेक. कॉलेजच्या कणकुंबीतल्या शिबिराहून परत येताना वाऱ्यानं झाड मोडून गाडीवर पडलं. दोघी एकाच बाकावर होत्या. ब्राह्मी जागीच गेली.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. आठवडाभर मनात येऊच दिलं नाही. जागाच नव्हती.

मंगळवार, २३ जुलै

महिला मंडळात बातमी पोचलीच. निवेदिताबाई म्हणतात, "आता काय बाई, स्टेजवर! उद्या रस्त्यात आम्हाला ओळख तरी द्या." मीही म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर! सगळ्या खो-खो हसल्या.

साक्ष लिहून काढली. मिक्सरसमोर उभी राहून तीनदा म्हटली. आतून सुवी ओरडली, "आई, 'देवानं माझी लेक निवडली' असं नको म्हणू."

"का गं? चांगलं आहे की वाक्य."

"नको म्हणते ना!"

खोडलं. वाक्य चांगलंच होतं पण.

गुरुवार, २५ जुलै

पांढरी साडी काढली, बारीक जांभळ्या काठाची. शोकाच्या उपासनेला जायचं आणि मी आरशासमोर काठ बघत बसलेय. क्षमा कर, प्रभू. पण शोभते!

शनिवार, २७ जुलै

कसं लिहू.

चॅपेल गच्च भरलेलं. मला पहिल्या बाकावर बसवलं, ब्राह्मीच्या आईंच्या शेजारी. जैन माणसं ती, आमच्या उपासनेला पहिल्यांदाच आलेली. पाळकसाहेबांनी बायबलातल्या त्या देवभीरू माणसाचा धडा वाचला. त्याची गुरंढोरं गेली, दहा लेकरं गेली, तरी त्यानं देवाला सोडलं नाही. मग देवानं सगळं दुप्पट दिलं, पुन्हा दहा लेकरं दिली.

ब्राह्मीच्या आई माझ्या कानाशी वाकल्या. "आधीची धा परत आली व्हय ओ?"

"न्हाई... नवीन झाली."

"नवीन," म्हणाल्या, आणि पुढं बघत बसल्या.

लहानपणापासून ऐकतेय हा धडा. आधीच्या दहांकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. कागद हातात होता, त्याच्याकडं बघितलंच नाही. उलट्या साडीचं सांगितलं, पोरंपोरी हसली. आंबोळ्यांचं सांगितलं, भरमूचं सांगितलं. अंगात वारं शिरल्यासारखं झालं मला. आणि ते खोडलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं — "देवानं माझी लेक निवडली!"

सुवीनं मान खाली घातली.

बाहेर आल्यावर माफी मागायला गेले. ब्राह्मीच्या आईंनीच माझे दोन्ही हात धरले. "लई आनंद झालाय ओ तुमास्नी." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. "माझी उठली असती तर मी बी अशीच केली असती बघा."

रविवार, २८ जुलै

सुवी बोलत नाही माझ्याशी. पाळकसाहेब म्हणाले, साक्ष मनापासून होती. मनापासून होती हीच तर गोष्ट आहे!

तरी सकाळी तिची वेणी घालताना हसू आलं. ती रागानं मान हलवते, मी हसते. काय करू? हलते ना मान!

शुक्रवार, ९ ऑगस्ट

ब्राह्मीच्या आईंचा फोन आला — "सुवीला दोन दिवस धाडता? शिबिरात आमची काय काय करत हुती, तिच्या तोंडनं ऐकायचंय." सुवीनं मला विचारलंसुद्धा नाही, पिशवी भरायला घेतली. आज रायगोंडाअण्णा स्वतः गाडी घेऊन आले. गाडी हलली तसे आपसूक हात जोडले गेले — "पोरीला सांभाळ."

आणि तिथंच अडकले. कणकुंबीला पाठवताना ब्राह्मीची आई दुसरं काय म्हणाली असेल? देवाचं नाव वेगळं, एवढंच.

गाडी वळली. मी पुन्हा तेच म्हणाले. दुसरं मला येत नाही.